किस्त आधी की पाणी आधी?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून) : "मी निवृत्त शिक्षिका, इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेच्या ग्रीन बाँडमध्ये, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी काढलेल्या कर्जरोख्यांत, दहा हजार रुपये घातले. व्याज वेळेवर जमा होतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी शहरालगतच्या एका नगर परिषदेच्या हद्दीत राहतात. बस्तीत साठ घरं आहेत. नळ नाही, एक दिवसाआड पाच हजार लिटरचा टँकर येतो. विचारायला गेलं की उत्तर मिळतं, 'योजनेच्या कर्जाची किस्त (हप्ता) चालू आहे, पाइप टाकायला पैसा नाही.' माझा भाचा बँकेत आहे. तो म्हणतो, कर्ज हा हिशेबाचा विषय, हक्काचा नाही. मला मात्र व्याज जमा झाल्याचा मेसेज आला की अवघडल्यासारखं होतं. सरकारी कर्जाचा माणसाच्या हक्काशी खरंच संबंध असतो का? आणि बस्तीसाठी काही करता येईल का?"

ताई, नगर परिषदेचं नाव तुमच्या सांगण्यावरून गाळलं आहे.

भाच्याला हिशेबच हवा असेल तर टँकरचा हिशेब आधी मांडू. साठ घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे तीनशे माणसं. पाच हजार लिटर भागिले तीनशे म्हणजे माणशी साडेसोळा लिटर, आणि तेही दोन दिवसांसाठी. दिवसाला जेमतेम आठ लिटर. पंधरा लिटरचा तेलाचा डबा डोळ्यांपुढे आणा. तो निम्म्याच्या जरा वर भरेल. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, कपडे आणि संडास. सरकारी पाणीपुरवठ्याच्या मानकांत घरी नळ असेल पण भूमिगत गटार नसेल तर माणशी ७० लिटर धरतात, गटार असेल तर १३५. सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्यालाही ४० लिटर धरलेले असतात. म्हणजे मावशींच्या बस्तीला सगळ्यात खालच्या मापाचाही पाचवा हिस्साच मिळतो. हक्काचा प्रश्न इथे सुरू होतो. तो कर्जाशी जोडला जातो तो पैसे देण्याच्या क्रमातून.

कर्ज काढणं हे स्वतः वाईट नाही. तुमच्या बाँडचंच बघा. नर्मदेचं पाणी १९७८ पासून इंदूरला येतं आणि जलूदहून ते माळव्याच्या पठारावर चढवून आणावं लागतं. पंप चालवण्याचं वीजबिल हा महापालिकेच्या गळ्यातला धोंडा. ते बिल कमी करण्यासाठी जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि त्यासाठी २४४ कोटींचे बाँड. ज्या कर्जातून उद्याचा खर्च कमी होतो ते कर्ज शहाणपणाचं. ज्या कर्जातून फक्त आजचे पगार आणि आजची बिलं भागतात त्याचं ओझं मात्र पुढच्या वर्षी पाण्यावर, शाळेवर, दवाखान्यावर येतं. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रत्येक रुपयातले २० पैसे व्याजाला होते आणि उत्पन्नाच्या रुपयातले २४ पैसे नव्या उधारीतून येणार होते. व्याज टाळता येत नाही, पाइप टाळता येतो. कात्री नेहमी टाळता येण्याजोग्या गोष्टीवर चालते आणि तिच्या खाली कोण येतं हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. ज्याच्याकडे टाकी, बोरिंग आणि पार्षदाचा (नगरसेवकाचा) फोन नंबर आहे, तो येत नाही.

आता क्रमाची गोष्ट. पालिकेनं बाँड काढले किंवा मोठं कर्ज घेतलं की बहुतेक वेळा एस्क्रो खातं उघडतात. करारात नमूद केलेली वसुली, मग ती संपत्ती कर असो, जलकर असो किंवा दुसरं काही, आधी त्या खात्यात पडते. तिथून व्याजाचा आणि मुद्दलाचा हिस्सा दर महिन्याला वेगळा काढला जातो आणि उरलेले पैसे पालिकेच्या हातात येतात. सावकाराचा पहिला बोजा म्हणतात तो हा. छोट्या नगर परिषदांचं दुखणं याहून अवघड आहे. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग म्हणजे राज्याकडून येणारी चुंगी क्षतिपूर्ती (बंद झालेल्या जकातीची भरपाई), आणि तिच्यातून किस्त किंवा थकलेलं वीजबिल परस्पर कापलं जाऊ शकतं. समजा महिन्याला ४० लाख मंजूर आहेत, १४ लाख वरच्या वर कापले गेले आणि २६ लाख हातात आले. या २६ लाखांतून आधी पगार, मग डिझेल, मग टँकर. बाबू 'पैसा नाही' म्हणतो तेव्हा खोटंच बोलतो असं नाही. पण ते १४ लाख कोणत्या ठरावानं, कोणत्या करारानं आणि कोणाला विचारून आधी गेले, हे विचारायचा हक्क बस्तीला आहे.

'पैसा नाही' या उत्तराचं काय करायचं, ते सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे, आणि खटला तुमच्या शेजारचाच आहे. रतलामच्या न्यू रोडवर, वॉर्ड क्रमांक १२ मध्ये, उघडी गटारं आणि उघड्यावरची घाण यांना कंटाळून रहिवाशांनी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली. दंडाधिकाऱ्यांनी पालिकेला काम करायचा आदेश दिला. पालिका म्हणाली, तिजोरीत पैसे नाहीत. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की आर्थिक असमर्थता हे कायद्यानं दिलेलं कर्तव्य टाळायचं कारण होऊ शकत नाही. माणसाची अब्रू आणि प्रतिष्ठा हा स्थानिक स्वराज्य संस्थांवरचा पहिला बोजा आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यांनी वापरलेला शब्द सावकारी व्यवहारातला आहे, ताई, आणि तो त्यांनी मुद्दाम वापरला असणार. त्या खटल्यात मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ चं पालिकेची कर्तव्यं सांगणारं कलम १२३ आलं होतं. मावशींच्या नगर परिषदेलाही तोच कायदा लागू आहे.

या निकालानं कर्ज बुडवायची मुभा दिलेली नाही, हेही लक्षात असू द्या. किस्त भरायचीच आहे. फक्त 'किस्त भरतो म्हणून पाणी देत नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

धनकोचा हक्क दगडावरची रेघ असतो, असं भाचा म्हणेल. त्यावर एक उदाहरण. बडोद्याचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या कपाटात याची फाइल निघेलही. सरदार सरोवर नर्मदा निगमनं १९९३ मध्ये डीप डिस्काउंट बाँड विकले. आज ३,६०० रुपये भरा, वीस वर्षांनी १,११,००० रुपये घ्या. पुढे व्याजदर उतरले, हे देणं जड वाटायला लागलं आणि गुजरात विधानसभेनं २००८ मध्ये कायदा करून हे बाँड मुदतीआधीच ५० हजारांत परत घ्यायची वाट मोकळी केली. ज्यांनी म्हातारपणाची बेगमी म्हणून ते घेतले होते, त्यांना चटका बसला. ते योग्य झालं असं आम्ही म्हणत नाही. पण कोणाचं देणं आधी, कोणाचं नंतर आणि कोणाचं कमी, हे सरकारं ठरवतात आणि ठरलेलं बदलतातही, एवढं त्यातून उघड दिसतं. मग हा प्रश्न नुसता हिशेबाचा कसा राहील?

त्याच धरणाचा दुसरा धडा कर्ज देणाऱ्यांविषयी आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेनं सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. बडवानी, धार, अलिराजपूरची गावं बुडणार होती, पण पुनर्वसनाची तयारी तितकी नव्हती. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेनं ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिनं जून १९९२ मध्ये अहवाल दिला की पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतीत काम सदोष आहे, बँकेनं मागे सरून पुन्हा विचार करावा. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धरण मात्र थांबलं नाही. देशातला पैसा उभा करून ते पुढे गेलं, आणि तुमच्याआमच्यासारख्यांनी घेतलेले ते बाँड याच पैशाचा भाग होते. बाहेरचा सावकार गेला, त्याबरोबर त्याच्या अटी आणि त्याच्याकडे तक्रार करायची सोयही गेली. देशी बाँडधारकाला कुणी विचारलं नाही, बुडणाऱ्या गावाचं काय झालं हे माहीत आहे का. तुम्हाला जे अवघडल्यासारखं वाटतं ते आम्हाला म्हणूनच मोलाचं वाटतं.

त्या सगळ्या झगड्यातून १९९३ मध्येच जागतिक बँकेचं इन्स्पेक्शन पॅनेल जन्माला आलं. बँकेच्या कर्जातल्या प्रकल्पानं नुकसान झालेली दोन माणसंसुद्धा तिथे तक्रार करू शकतात. एशियन डेव्हलपमेंट बँकेकडेही तशी यंत्रणा आहे, आणि ती तुमच्या कामाची ठरू शकते. मध्य प्रदेशातल्या लहान शहरांच्या पाणी योजनांसाठी या बँकेनं २०१७ मध्ये २७.५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. मावशींची योजना त्यातली आहे का, हे पहिल्यांदा शोधा. असेल तर तिची कागदपत्रं बँकेच्या संकेतस्थळावर मिळतील, कुणाचे पाय धरावे लागणार नाहीत. तक्रारीआधी प्रश्न बँकेच्या संबंधित विभागाकडे मांडून पाहिलेला असावा लागतो आणि कर्ज बंद झाल्यानंतर तक्रारीची मुदत ठरलेली असते. म्हणून त्या कागदांत कर्ज बंद होण्याची तारीख आधी बघा, बाकी सगळं नंतर.

जगाच्या पाठीवरचं चित्र थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेनं २०२३ मध्ये मांडलं की जिथे सरकार आरोग्यापेक्षा किंवा शिक्षणापेक्षा व्याजावर जास्त खर्च करतं, अशा देशांत ३३० कोटी लोक राहतात. श्रीलंकेनं १२ एप्रिल २०२२ रोजी परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, कारण औषधं आणि इंधन आणायला डॉलर उरले नव्हते. २०१२ मध्ये मानवी हक्क परिषदेनं परदेशी कर्ज आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. कर्जाची परतफेड करताना लोकांच्या मूलभूत हक्कांना बाध येऊ नये, हा त्यांचा गाभा. ती बंधनकारक नाहीत. पण आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या करारात भारत १९७९ पासून सामील आहे, आणि हाताशी असलेली जास्तीत जास्त साधनं या हक्कांसाठी वापरायची हे त्यातलं वचन.

आता कामाचं. माहिती अधिकाराचा अर्ज करा, आणि तो मावशींच्या नव्हे, तुमच्या नावानं. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर फी माफ असते, त्यामुळे त्यांच्या नावानं दहा रुपये वाचतील. पण उद्या टँकरच येईनासा झाला तर? कोणाही नागरिकाला अर्ज करता येतो, बस्तीत राहायची अट नाही. अर्ज हिंदीत लिहा, नगर परिषदेच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि पोच घ्या. 'का' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. 'पैसा का नाही?' असं विचारलंत की 'खुलासा मागता येत नाही' म्हणून अर्ज परत येतो. कागदांच्या प्रती मागा. ३१ मार्चअखेर बाकी असलेल्या सगळ्या कर्जांची यादी मागा : कोणाकडून, किती, किती टक्क्यानं, कधीपर्यंत. मागच्या तीन वर्षांची चुंगी क्षतिपूर्ती महिनावार मागा, त्यात मंजूर, कपात आणि प्रत्यक्ष जमा असे तीन रकाने हवेत. कर्ज घ्यायचा परिषदेचा ठराव आणि कर्जाचा करार, विशेषतः एस्क्रो आणि जलकर वाढीच्या अटींची पानं. अशा करारांत जलकरातून योजनेचा चालू खर्च भागला पाहिजे अशी अट सर्रास असते आणि दरवाढ तिच्यातूनच येते. शेवटी टँकरची लॉगबुक आणि पाणी योजनेच्या डीपीआरमधला (सविस्तर प्रकल्प अहवालातला) त्या वॉर्डाचा नकाशा.

नकाशा विसरू नका. पुष्कळदा पैसा हे कारणच नसतं. डीपीआर तयार करताना 'अवैध' म्हणून बस्ती मोजलीच नाही आणि लाइन शेजारच्या कॉलनीच्या फाटकाशी संपली, असं निघतं. मग किस्तीचं नाव सांगणं सोपं जातं. 'पट्टा (जमिनीचा कागद) नाही म्हणून नळ नाही' असं उत्तर आलं तर मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा पाणी हक्क समितीच्या याचिकेतला निकाल जोडा. बांधकाम अनधिकृत असलं तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही, तो जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. मध्य प्रदेशात तो बंधनकारक नाही, पण वजन आहे त्याला. सार्वजनिक नळ दिल्यानं जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, हेही एका ओळीत लिहा. अधिकाऱ्यांना धास्ती त्याचीच असते.

उत्तराला तीस दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, फी ५० रुपये. त्यानंतर नव्वद दिवसांत भोपाळला राज्य सूचना आयोगाकडे दुसरं, फी १०० रुपये. करार 'व्यावसायिक गुपित' आहे असं सांगतील. सार्वजनिक पैशातून फेडायच्या कर्जाला ते लागू पडत नाही आणि कायद्यातच जनहिताचा अपवाद आहे, असं अपिलात लिहा.

अर्जाची वाट बघत हात बांधून बसू नका. सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवा. तिथे घोळ होतो तो शेवटी. फोन येतो, 'बाई, लाइन मंजूर झाली, तक्रार बंद करू का?' नळाला पाणी आल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे मावशींना आणि त्यांच्या मुलाला पक्कं सांगा. एकदा 'संतुष्ट' अशी नोंद झाली की तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध वापरतात. कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते. राज्यं रिझर्व्ह बँकेमार्फत रोखे विकून कर्ज उभं करतात तो लिलावही बहुधा मंगळवारीच होतो. एका दारी हजारो कोटी उभे राहत असतात तेव्हा दुसऱ्या दारी साठ घरांचा अर्ज असावा. एकटीनं नका जाऊ, बस्तीतल्या दहा बायका बरोबर न्या.

खरी ताकद मात्र स्थायी लोक अदालतीत आहे आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात पाणीपुरवठा आणि स्वच्छता या 'लोकोपयोगी सेवा' आहेत. त्यांच्या तक्रारी जिल्हा न्यायालयातल्या या अदालतीत कोर्ट फीशिवाय चालतात. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. तडजोड झाली नाही तर ती निकालही देऊ शकते, साध्या लोक अदालतीला तो अधिकार नसतो. बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. नंबर १५१००. सांडपाणी आणि घाणीचा त्रास असेल तर रतलामचीच वाट मोकळी आहे. तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झालं आहे आणि अर्ज एसडीएमकडेच, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडेच, करायचा.

राहिला तुमचा बाँड. एक हजाराच्या बाँडचे २५० रुपयांचे चार भाग आहेत, ३, ५, ७ आणि ९ वर्षांचे. व्याज ८.२५ टक्के, सहामाही. दहा हजारांवर एका वेळचे ४१२ रुपये ५० पैसे. तीन वर्षांचा भाग फेब्रुवारी २०२६ चा. तो परत मिळाला की पुढची रक्कम ३०९ रुपयांच्या आसपास येते, चूक झाली म्हणून घाबरू नका. हे व्याज इंदूर महापालिकेच्या उत्पन्नातून येतं, मावशींच्या नगर परिषदेच्या नाही. त्यांच्या डब्यातलं पाणी तुमच्या खात्यात येत नाही, एवढं मनावरचं ओझं उतरवा. बाँड विकूनही टाकू नका. बाजारात विकल्यानं महापालिकेला काही फरक पडत नाही, फक्त विचारणारा धनको जाऊन न विचारणारा येतो. धारक म्हणून तुम्हाला विचारायचा अधिकार आहे : उभारलेले पैसे कुठे लागले, प्रकल्पातून वीज किती निघते, पंपाच्या बिलात किती बचत झाली. बाँडच्या कागदांवर डिबेंचर ट्रस्टीचा, म्हणजे बाँडधारकांच्या वतीनं लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा, पत्ता असतो, पत्र तिथे पाठवा. आणि बचत झाली असेल तर तिच्यातून नळ नसलेल्या वस्त्यांसाठी काय ठरवलं आहे, हे नागरिक म्हणून तुमच्या पार्षदाला विचारा. दोन्ही पत्रांवर सही तुमचीच असेल.

मावशींना आजच एक दोनशे पानी वही घेऊन द्या. तारीख, टँकर यायची वेळ, गाडीचा नंबर, किती घरांना किती डबे, आणि बस्तीतल्या दोन बायकांची सही. सही येत नसेल तर अंगठा चालेल. तीस दिवसांनी माहिती अधिकारातून लॉगबुक हाती येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून तारखा लावून बघा. सरकारी वहीत आलेला आणि बस्तीत न आलेला टँकर हा लोक अदालतीतला तुमचा सगळ्यात बळकट पुरावा. म्हणून टँकर आला नाही त्या दिवशी रकाना कोरा सोडायचा नाही. 'नाही' असं लिहायचं आणि खाली सह्या घ्यायच्या.